औंस, ड्राम आणि घरचं नाव

जुनं घर उतरवायला काढलं की माळ्यावरून ठरावीक वस्तू खाली येतात. पायली, अधोली, तळ गेलेली घागर, बाळाला पाजायचं पितळी बोंडलं. आणि कधीकधी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला काचेचा एक छोटा पेला, वर रुंद, खाली निमुळता, बुडाशी जाड गोल पाय. बाहेरच्या अंगाला आडव्या बारीक रेघा. नीट पाहिलं तर एक गोष्ट खटकते: या रेघा सारख्या अंतरावर नाहीत. तळाशी दोन रेघांमध्ये बोट मावेल एवढी जागा, आणि वर काठाकडे त्याच रेघा एकमेकींना चिकटायला आलेल्या. एखाद्या कारागिराचा हात चुकला असेल म्हणावं, तर असा दुसरा पेला मिळतो त्याच्यावरही रेघा तशाच.

ज्ञानेश्वरांच्या रेड्याच्या समाधीमुळे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक असलेल्या आळ्यात आणि आजूबाजूच्या गावांत मातीच्या भिंतींची, कौलांची घरं जाऊन स्लॅबची घरं उभी राहिली, अजून राहत आहेत. जुन्या घराबरोबर हे पेले, औषधाच्या बाटल्या, काचेची बुचं भंगारात जातात. किलोवर विकली जाणारी ही काच वाचता येते. ती कधी घडली, कुठे घडली, कुणाच्या दवाखान्यातून आली आणि आपल्या घरातल्या कोणत्या आजारपणाशी तिचा संबंध होता, एवढं सगळं तिच्याकडून कळू शकतं. ते कसं वाचायचं, त्यासाठी हा लेख.

रेघा सारख्या अंतरावर का नसतात?

तांब्याभर पाणी हौदात ओतलं तर पातळी वाढल्याचं डोळ्याला कळत नाही; तेच पाणी चिंचोळ्या नळीत ओतलं तर हातभर वर चढतं. औषधाचा पेला या दोन्हींचा मेळ घालतो. तळाशी तो नळीसारखा अरुंद असतो, म्हणून थोडंसं औषधही उंच चढतं आणि रेघा लांब लांब पडतात. वर तो रुंद होत जातो, म्हणून तेवढंच औषध पातळी जेमतेम हलवतं आणि रेघा जवळ येतात.

शंकूचं गणित इथे फार सुंदर आहे. शंकू निम्म्या उंचीपर्यंत भरला, तर त्यात निम्मं नव्हे, फक्त आठवा हिस्सा मावतो. जुन्या मापात एका औंसाचे आठ ड्राम. म्हणजे एक औंसाचा पेला नेमका शंकूच्या आकाराचा असेल, तर एक ड्रामची रेघ बरोबर मध्यावर येते. त्याच्याही निम्म्या उंचीवर येतो ड्रामचा आठवा भाग, म्हणजे साडेसात मिनिम (एका ड्रामचे 60 मिनिम), पाण्याचे जेमतेम सात-आठ थेंब.

आता मोजताना एका मिलिमीटरची चूक झाली असं धरू. पेला आठ सेंटिमीटर उंच आहे. सरळ नळकांड्यासारख्या पेल्यात साडेसात मिनिमची रेघ तळापासून सव्वा मिलिमीटरवर येईल. तिथे एक मिलिमीटर चुकलं तर औषध 80 टक्क्यांनी चुकलं. शंकूत तीच रेघ दोन सेंटिमीटरवर असते आणि चूक साधारण 15 टक्क्यांवर राहते. काठाजवळ मात्र उलटं होतं. पूर्ण औंस मोजताना सरळ पेलाच जास्त अचूक ठरतो. पण जहाल औषधं थेंबांत द्यायची असतात आणि सौम्य औषधं औंसात, त्यामुळे अचूकपणाची गरज तळाशीच जास्त. शिवाय निमुळत्या पेल्याला कोपरे नसतात, तो चटकन धुता येतो आणि औषध शेवटच्या थेंबापर्यंत ओतता येतं. अगदी बारीक मापांसाठी दवाखान्यात मिनिमचा वेगळा अरुंद पेलाही ठेवत.

पेला वाचताना तो डोळ्यांच्या रेषेत धरावा लागतो. द्रव काचेला धरून कडेने किंचित वर चढतो, त्यामुळे पृष्ठभाग मध्ये खोलगट दिसतो. माप घ्यायचं ते या खोलगट भागाच्या तळाचं. कडेवरचं वाचलं तर औषध कमी पडतं. जुने कंपाउंडर पेला उंचावून, एक डोळा बारीक करून बघत, ते यासाठी.

वळसे, थेंब आणि चमचा

पेला घरात येण्याआधी आपल्याकडे औषध मोजत नव्हते असं मुळीच नाही. बाळगुटी देताना सहाणेवर वेखंडाचे इतके वळसे, मुरुडशेंगेचे इतके, हळकुंडाचा एक, असा घराघरांतला हिशोब आजीच्या हातात असे. वैद्यांकडे गुंज, मासा, तोळा होता: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. मोजमापाची ही चांगली, घट्ट पद्धत होती, पण ती कोरड्या किंवा उगाळायच्या औषधांची. दवाखान्यातलं मिक्श्चर पातळ. त्याला दुसरं माप हवं होतं, आणि ते इंग्रजी औषधांबरोबर इथे आलं: 60 मिनिमचा ड्राम, आठ ड्रामांचा औंस. ब्रिटिश औंस म्हणजे आजचे सुमारे 28.4 मिलिलिटर, ड्राम साडेतीनपेक्षा किंचित जास्त.

या मापांच्या खुणा पेल्यावर असतात. ड्रामची खूण साधारण इंग्रजी तीनाच्या आकड्यासारखी, आणि औंसाची तशीच, पण डोक्यावर एक जादा वळण घेतलेली. पुढे आकडा नसून छोट्या रोमन लिपीतल्या काड्या असतात. ही खूण दिसली की समजावं, पेला औषधाचाच आहे.

घरी पेला नसे तेव्हा डॉक्टर सांगत, चहाचा एक चमचा. चहाचा चमचा म्हणजे एक ड्राम आणि मोठा चमचा म्हणजे अर्धा औंस असं कागदोपत्री ठरलेलं होतं. पण दोन घरांतल्या चमच्यांत दुपटीचा फरक सहज पडतो. थेंबांचंही तसंच. पाण्याचा थेंब साधारण एक मिनिम, पण अर्क मद्यार्कात काढलेला असेल तर त्याचा थेंब बराच लहान पडतो. मोठ्या माणसाला हा फरक सोसतो, लहान मुलाला सोसत नाही. मुलांचा डोस ठरवायला डॉक्टर जो जुना नियम वापरत तो थॉमस यंग या इंग्रज वैद्याच्या नावाचा: मुलाचं वय भागिले वय अधिक बारा. चार वर्षांच्या मुलाला सोळात चार, म्हणजे मोठ्याच्या डोसाचा चौथा हिस्सा. असा चौथा हिस्सा चमच्याने मोजता येत नाही. घराघरांत पेला शिरला तो बहुधा लहान मुलांच्या आजारपणामुळे, असं मला वाटतं.

बाटलीवरची कातरलेली पट्टी

आज साठी ओलांडलेल्या वाचकांना हे सांगायला नको. दवाखान्यात जाताना घरून रिकामी बाटली धुऊन न्यायची. डॉक्टर चिठ्ठी आत पाठवायचे, कंपाउंडर मिक्श्चर तयार करायचा, बूच लावायचा आणि बाटलीच्या अंगावर कागदाची उभी पट्टी डिंकाने चिकटवायचा. पट्टी उभी दुमडून कात्रीने सारख्या अंतरावर खाचा पाडलेल्या, की उलगडल्यावर दोन्ही कडांना खाचा येत. एक खाच, एक डोस. वाचता न येणाऱ्या माणसालाही सकाळी इथपर्यंत, दुपारी इथपर्यंत हे कळत असे. बाटलीचं अंग सरळ असतं, तिथे सारखी उंची म्हणजे सारखं औषध. म्हणून पेल्यावर विषम पडणाऱ्या खुणा बाटलीवर सम पडतात.

बाटली हलवून घ्या, हे वाक्यही त्या पट्टीइतकंच महत्त्वाचं होतं. मिक्श्चरमधल्या कितीतरी पुडी पाण्यात विरघळत नाहीत, नुसत्या तरंगतात आणि हळूहळू तळाशी बसतात. न हलवता औषध घेतलं तर पहिले डोस पाणचट आणि शेवटचा डोस सगळ्या पुडीचा. एरवी याने फारसं बिघडत नसे. पण औषधशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत एक इशारा हटकून असे. काजऱ्याच्या बियांतलं स्ट्रिक्नीन अगदी थोड्या प्रमाणात शक्तिवर्धक म्हणून देत. ते ब्रोमाइडबरोबर एका बाटलीत पडलं, तर त्याचे स्फटिक होऊन तळाशी बसत आणि शेवटच्या डोसात प्राणघातक मात्रा जाई. कोणतं औषध कोणाबरोबर बाटलीत घालायचं नाही, हे कंपाउंडरला पाठ असावं लागे. गावात त्याला डॉक्टरांच्या खालोखाल मान होता, आणि तो रास्तच होता.

माझ्या टेबलावर अशी एक बाटली आहे. चपटी, फिकट हिरवट, अंगात बारीक बुडबुडे. पट्टीचा कागद गेला आहे, पण डिंकाने काच धूसर केली तिथे पट्टीचा आकार अजून दिसतो, अगदी खाचांसकट. गळ्यापाशी आतून काजळी आहे. म्हणजे औषध संपल्यावर कुणीतरी तिच्या झाकणाला भोक पाडून वात घातली आणि तिची रॉकेलची चिमणी केली. एका बाटलीने आधी रोग्याची आणि मग घरातल्या अंधाराची सोय पाहिली. चकचकीत निळ्या बाटल्यांच्या रांगेपेक्षा मला ही काजळलेली बाटली जास्त मोलाची वाटते.

काच स्वतःचं वय सांगते

सगळ्यात आधी शिवण पाहावी. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे काचेवर उभी रेघ उमटते. ही रेघ गळ्यापाशी विरून गेली असेल, तर बाटली साच्यात फुंकून नंतर तिचं तोंड हाताने घडवलं आहे. रेघ थेट तोंडाच्या काठापर्यंत गेली असेल, तर बाटली पूर्णपणे यंत्राची. अमेरिकेत मायकेल ओवेन्सने बाटल्यांचं स्वयंचलित यंत्र 1903 च्या सुमाराला यशस्वी केलं. ते तंत्र जगभर पसरायला पुढची काही दशकं लागली. आपल्याकडे हातघडणीच्या बाटल्या त्यानंतरही बऱ्याच काळ होत राहिल्या, त्यामुळे शिवण पाहून थेट वर्ष ठरवू नये, फक्त अंदाज बांधावा.

मग रंग. वाळूत लोहाचा अंश असतो, त्याने काच हिरवट होते. हा रंग मारायला काचेच्या रसात मँगनीज घालत. अशी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की फिकट जांभळी होते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मँगनीजचा वापर घटला, म्हणून जांभळी झाक बहुधा त्याआधीची. गडद तपकिरी काच उजेडातली निळी-जांभळी किरणं अडवते. उजेडाने बिघडणारी औषधं तिच्यात ठेवत. आणि निळ्या किंवा हिरव्या, सहा बाजूंच्या, अंगावर उभ्या कंगोऱ्यांच्या बाटल्या विषाच्या. रात्री दिवा न लावता हात घातला तरी बोटांना कळावं, म्हणून ते कंगोरे.

पेल्यावरच्या रेघांवरून नख फिरवून बघा. नख खाली अडकलं तर रेघ कोरलेली आहे. काचेवर मेणाचा थर द्यायचा, सुईने त्यात रेघ ओढायची आणि उघड्या पडलेल्या काचेवर हायड्रोफ्लोरिक आम्ल सोडायचं, अशी ती रीत. असे पेले दवाखान्याचे, एकेक मोजून खुणा केलेले. रेघ वर उठलेली लागली तर ती साच्यातूनच आली आहे. हे पेले घरगुती, पुष्कळदा औषधाच्या बाटलीबरोबर मिळालेले आणि मापाला ढिले.

*चौकट: वय ओळखण्याच्या खुणा*

*फक्त ड्राम, औंस, मिनिम: साधारण 1960 च्या आधीचा. भारतात दशमान मापांचा कायदा 1956 चा, अंमल 1958 पासून टप्प्याटप्प्याने.*
*एका बाजूला औंस, दुसऱ्या बाजूला मिलिलिटर: बहुधा बदलाच्या काळातला, किंवा परदेशी.*
*काचेवर इंग्रजीत देशाचं नाव: 1887 च्या ब्रिटिश कायद्यानंतर ही पद्धत रुळली.*
*पश्चिम जर्मनी: 1949 ते 1990.*
*बोरोसिल: कंपनी 1962 ची, त्यामुळे पेला त्यानंतरचा.*
*'पूना' किंवा 'बॉम्बे' एवढ्यावरून काही ठरत नाही. ही इंग्रजी नावं अधिकृतपणे बदलली ती अनुक्रमे 1978 आणि 1995 मध्ये.*

तळेगाव आणि ओगलेवाडी

विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्याकडची औषधाची चांगली काच बहुतेक परदेशी होती. स्वदेशीच्या लाटेत अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून पैसापैसा गोळा करून पैसा फंड उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्याला बळ दिलं आणि 1908 मध्ये तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे होते. या कारखान्याने माल काढलाच, पण माणसंही तयार केली. 1914 ला महायुद्ध पेटलं, जर्मनी आणि ऑस्ट्रियाची काच येणं थांबलं आणि देशी कारखान्यांना वाव मिळाला. 1916 मध्ये कऱ्हाडजवळ, औंध संस्थानच्या आश्रयाने ओगले बंधूंचा कारखाना उभा राहिला. त्यांचा प्रभाकर कंदील पुढे घरोघरी गेला आणि त्या वस्तीचं नावच ओगलेवाडी पडलं.

म्हणून एखादा पेला ओबडधोबड, बुडबुड्यांचा, रंगाला हिरवट दिसला तर त्याला कमअस्सल समजून बाजूला टाकू नये. विलायती पेल्यापेक्षा तो दुर्मीळ असण्याची शक्यता जास्त. देशी काचेच्या त्या पहिल्या पिढीचं कौतुक आपण पुरेसं केलेलं नाही.

पेल्यापासून माणसापर्यंत

आता घराण्याचा धागा. घरात औषधाची जुनी काच असण्याची कारणं तीनच: घरात कुणी डॉक्टर, वैद्य किंवा कंपाउंडर होतं, घरात कुणी आजारी होतं, किंवा ती कुणीतरी नंतर विकत आणली. तिसरी शक्यता आधी तपासून घ्यावी. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार इथून आणलेली वस्तू सुंदर असेल, पण तिच्यावरून आपल्या पणजोबांबद्दल काही सिद्ध होत नाही.

बाटलीवर केमिस्टचं नाव आणि गाव उठावात असेल तर फारच उत्तम. आळे ज्या भागात आहे त्या जुन्नर-आंबेगावचा मुंबईशी जुना संबंध आहे. माळशेज घाट उतरून, कल्याणमार्गे, माणसं मुंबईला कामाला गेली. डबेवाल्यांत या तालुक्यांतली कितीतरी घराणी आहेत. आळ्याच्या माळ्यावर मुंबईच्या केमिस्टची बाटली सापडली, तर ती गावातल्या दवाखान्याची नसणार. कुणीतरी ती गाठोड्यातून आणली. त्या काळी घरातलं मुंबईला कोण होतं, आणि गावाकडे कोण आजारी होतं, हे दोन प्रश्न तिथून सुरू होतात. आत्या, चुलत आजी, माहेरी आलेली म्हातारी लेक, यांना बाटली हातात देऊन विचारावं. नुसतं 'जुनं काही सांगा' म्हटलं तर त्या 'काय सांगायचं बाई' म्हणून गप्प बसतात. वस्तू हातात आली की नाव, खोली, चाळ, आजार सगळं आठवू लागतं.

आठवणीला कागदाचा आधार शोधावा. गावोगावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, ज्यांना लोक कोतवाल बुक म्हणतात, तहसील कार्यालयाच्या अभिलेखात असतात. कुणबी नोंदींच्या शोधामुळे गेल्या काही वर्षांत त्या पुष्कळांच्या ओळखीच्या झाल्या आहेत. त्यांत बऱ्याच ठिकाणी मृत्यूचं कारणही लिहिलेलं सापडतं: ताप, पटकी, देवी. काही नोंदी मोडीत आहेत, त्यासाठी मोडी वाचणारा गाठावा लागतो. एखाद्या मुलाच्या मृत्यूची तारीख आणि बाटलीचं वय जुळलं तर लगेच दोन्ही एकत्र जोडू नये. जुळतं आहे एवढंच लिहावं.

घरात डॉक्टर असेल तर शोध सोपा. मुंबई इलाख्यात 1912 च्या कायद्याने डॉक्टरांची नोंदणी सुरू झाली आणि त्यांच्या याद्या छापल्या जात. त्याच वर्षी मुंबईत कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स निघालं. खेड्यापाड्यांत पाटीवर एल.सी.पी.एस. अशी अक्षरं लावणारे डॉक्टर याच संस्थेच्या परीक्षा देऊन आलेले. कंपाउंडर असेल तर 1948 च्या फार्मसी कायद्यानंतरचं नोंदणीचं प्रमाणपत्र घरच्या कागदांत सापडू शकतं. अनुभवावर काम करणाऱ्या कित्येकांना त्या पहिल्या नोंदणीत जागा मिळाली होती.

दिनकर केळकरांनी पुण्यात अडकित्ते, दिवे, दौती अशा रोजच्या वापराच्या वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि त्यांतून राजा दिनकर केळकर संग्रहालय उभं राहिलं. साध्या वस्तू जपण्याजोग्या असतात, हे महाराष्ट्राला त्यांनी दाखवून दिलं. औषधाची काच त्याच जातीची आहे. फक्त ती घरात राहिली आणि तिच्याबरोबर घरची माहिती राहिली, तर तिचा उपयोग दुपटीने होतो.

धुण्याआधी थांबा

जुनी बाटली हाती आली की पहिला मोह होतो तो राखेने घासून लख्ख करण्याचा. कृपा करून तसं करू नका. चिठ्ठीचा तुकडा, डिंकाचा डाग, बुचातली पूड, हे सगळं पुरावा आहे. आधी उजेडात चारही बाजूंनी आणि तळाचा फोटो काढा. मग कागद नसलेल्या भागावरून ओलसर मऊ फडकं फिरवा. गरम पाणी ओतू नका, जुनी काच तडकते. आत औषध उरलं असेल तर वास घेऊ नका, चाखू नका, मोरीत ओतू नका. जुन्या औषधांत पारा, सोमल, स्ट्रिक्नीन असू शकतं. बाटली बंद ठेवून ओळखीच्या फार्मासिस्टला दाखवा. आणि पेला कितीही देखणा असला तरी त्यातून आज मुलांना औषध देऊ नका.

यंदा माळा आवराल तेव्हा काच भंगाराच्या पोत्यात जाण्याआधी बाजूला काढा. एका कागदावर लिहा: कुठे सापडली, कोणत्या घरात, कुणाची असं कोण म्हणालं, आणि तारीख. कागद घडी करून पेल्यात ठेवा. हे काम घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला समोर बसवून, याच आठवड्यात करा.